पाणी वळतं अकरा चाळीसला

जुव्याच्या मानशीवर, खोपटीच्या भिंतीला
आम्ही बसवलेली पांढरी पेटी आहे.
आत नखाएवढा एकच प्रोसेसर
आणि त्याच्या दारात ताटकळणारी कामं:
नदीची पातळी मोज, मोटर फिरव,
कार्डावर नोंद कर, पंचायतीला संदेश पाठव,
शिवाय तो हिरवा दिवा,
जो लुकलुकला नाही तर सरपंच थेट मला फोन करतात.

लोकांना वाटतं, पेटी सगळं एकदम करते.
नाही. ती एका क्षणी एकच करते,
आणि एकाचं अर्धवट टाकून दुसऱ्याकडे अशी वळते
की टाकलेल्यालाही कळत नाही
मध्ये आपण नव्हतो.

वेगाचं मला फारसं कौतुक नाही.
पावणेबाराला दिलेलं बरोबर उत्तर
चूकच आहे,
ते अकरा चाळीसला हवं असेल तर.
तेव्हा ओहोटी संपते, पाणी वळतं,
आणि दार मिटलेलं नसेल तर
खाजनातल्या कोवळ्या भाताच्या मुळाशी मीठ.

तीन रात्री पेटी मध्येच दगावली आणि पुन्हा उठली.
आतला पहारेकरी हाकेला ओ आली नाही की
सरळ गळा धरतो, कारण विचारत नाही.
वेर्ण्याला आमच्या टेबलावर मात्र
आठवडाभर एक शिंक नाही.

म्हणून चौथ्या रात्री मी इथे,
मांडीवर लॅपटॉप, पायांना डास.
बोस्त्यांवने यंदा लिलावात मानस घेतलेली,
त्याचं जाळं दाराच्या तोंडाशी लावलेलं,
कंदील, सुंगटं, विडीचा वास.
अकरा पस्तीसला त्याचा फोन वाजला.
कुवेतहून नात. तिचा दात पडला होता.

दार जाळ्यासाठी थांबलं.
जाळं बोस्त्यांवसाठी.
बोस्त्यांव दातासाठी.
नदी कोणासाठीच नाही.

"जाळं!" मी ओरडले.
त्याने पाण्याकडे पाहिलं, "उदक राबना," म्हणाला,
फोन माझ्या हातात कोंबला,
"तूं उलय, हांव काडटां,"
आणि साठीचा तो माणूस
असा बांधावरून उतरला, जणू भरतीनेच
आपली घाई त्याच्या अंगात घातली होती.

तिथे, हातात परक्या पोरीचा चेहरा धरून,
मला माझी चूक दिसली.

नोंद करणारं काम, सगळ्यात खालच्या पायरीचं,
तारेची किल्ली कमरेला लावून बसतं.
पातळी मोजणारं, सगळ्यात वरचं,
त्या किल्लीसाठी खोळंबतं.
आणि मधल्या पायरीवरचा पंचायतीचा संदेश,
ज्याला किल्लीशी काही देणंघेणं नाही,
नोंदीला बाजूला सारून रेंज शोधत राहतो.
वेर्ण्याला रेंज भरपूर. शोधावी लागतच नाही.
इथे माडांच्या मागे ती कधी असते, कधी नसते,
आणि तेवढ्यात पहारेकऱ्याचा हात गळ्याशी.

उपाय पुस्तकात होताच, मी परीक्षेत लिहिला होता,
गुणही मिळाले होते:
ज्याच्या कमरेला किल्ली, त्याला
वाट पाहणाऱ्याची निकड उसनी द्या.
किल्ली सुटेपर्यंतच. मग तो पुन्हा
आपल्या पायरीवर.

मला वाटायचं, हा मानाचा प्रश्न आहे,
कोण वर, कोण खाली.
बोस्त्यांव जाळं ओढत होता, कंबरभर पाण्यात,
शिव्या देत, बहुतेक मलाच.

दार मिटलं अकरा त्रेचाळीसला.
तीन मिनिटांचं खारं पाणी आत आलं,
कोपऱ्यातल्या एका वाफ्याने ते भोगलं असेल.
पेटीत त्याची नोंद नाही,
ती तेव्हा पुन्हा जागी होत होती.

फोनवर पोरगी विचारत होती, शापाय खंय गेलो?
मग जबडा उघडून पडद्याशी आली,
ती रिकामी जागा मला दाखवायला.
लॅपटॉपवर बदलायची ओळ उघडीच होती.
अख्ख्या रात्रीत हे एकच काम होतं
ज्याला मुदत नव्हती.

"दाखव," मी म्हटलं,
"थोडं उजेडात ये."